स्मारकाजवळचा बंदोबस्त

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेलापूरला रुजू झाल्यावर पाठवलेल्या पहिल्याच पत्रात तू विचारले आहेस की, मोर्च्यातली माणसे स्मारकावर चढली तर उपनिरीक्षकाने नेमके काय करावे. प्रश्न सोपा दिसतो, पण मला उत्तर उमगायला निम्मी नोकरी खर्ची पडली.

कायद्यापुरते सांगायचे तर, राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्यापुरता आहे. मोडतोड झाली तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा 1984 चा कायदा हाताशी असतो. पण नुसते चौथऱ्यावर चढून बसणाऱ्याला कोणते कलम लावायचे, हे ठाणे अंमलदारालाही चटकन सांगता येणार नाही. लंडनच्या पोलिसांची नोव्हेंबर 2023 मध्ये हीच अडचण झाली. हाइड पार्क कॉर्नरच्या तोफखाना स्मारकावर निदर्शक चढले, पोलिसांनी त्यांना उतरायला सांगितले, आणि अटक का केली नाही म्हणून ओरड झाल्यावर, चढणे हा मुळी गुन्हाच नाही, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. पुढे तिथल्या सरकारने ठरावीक युद्धस्मारकांवर चढणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद विधेयकात आणली. तरतूद ठीकच आहे. पण भर गर्दीतून चौघांना खाली ओढताना जे घडते, ते कोणत्याही कलमात लिहिलेले नसते.

धाक दाखवून खाली उतरवण्याची चूक मी स्वतः केली आहे. ठाण्यात कोर्टनाक्याकडे निघालेला एक मोर्चा वाटेत थांबला असताना पाच-सहा पोरे एका स्मारकाच्या चौथऱ्यावर चढली. मी कर्ण्यावरून दरडावले, तशी पाचाची पंधरा झाली आणि खालून टाळ्या पडल्या. माझ्याबरोबरच्या जुन्या हवालदारांनी काठी गाडीत ठेवली आणि जवळ जाऊन एवढेच विचारले, "वर कशाला रे चढलात?" पुढारी ज्या टेम्पोवरून बोलत होते, तो एका बसच्या आड उभा होता आणि पोरांना काहीच दिसत नव्हते. हवालदारांनी आयोजकांना गाठून टेम्पो तीसेक फूट पुढे घ्यायला लावला, आणि पोरे आपणहून उतरली. एकाने तर पुष्पचक्राला टेकवलेली आपली पाण्याची बाटलीही उचलून नेली. मला मात्र तेव्हा हवालदारांचाच राग आला होता.

सगळे जमाव असे नसतात. 11 ऑगस्ट 2012 रोजी आझाद मैदानाच्या सभेनंतर दंगल उसळली, दोघांचा जीव गेला, अनेक पोलीस जखमी झाले आणि अमर जवान स्मारकाची नासधूस झाली. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांचे ते स्मारक. 1857 मध्ये इंग्रजांनी त्यांना त्याच परिसरात तोफेच्या तोंडी दिले होते. म्हणून मार्ग ठरतानाच वाटेतली स्मारके नकाशावर टिपून घे, आयोजकांचे स्वयंसेवक तिथे मागून घे आणि चित्रीकरणाचा माणूस आधीपासून उभा कर. प्रभारी अधिकारी जागेवर नसतील तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 नुसार बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा आदेश तुझ्या दर्जाचा अधिकारीही देऊ शकतो. हा अधिकार तोंडी शिव्यांनी वापरायचा नसतो. इशारा स्पष्ट, पुन्हा पुन्हा आणि लोकांना कळेल अशा मराठीत दे, आणि त्याची वेळ डायरीत नोंदव.

तुझ्या आयुक्तालयाच्या हद्दीत एक गोष्ट निराळी आहे आणि ती ब्रीफिंगमध्ये कुणी सांगत नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. गोळी आपल्याच खात्याची होती. जून 2021 मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी, हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या बेलापूरच्या मुख्यालयाला, सिडको भवनाला, घेराव घालायला हजारो माणसे आली, तीही दि. बा. पाटलांचेच नाव घेऊन, आणि तो दिवस शांततेत गेला. तिथे हुतात्म्यांच्या स्मारकाचा मान राखा, असे जमावाला सांगणारा गणवेश आपला असतो, आणि ऐकणाऱ्याच्या घरी कदाचित त्या गोळीबाराच्या आठवणी असतात. आंदोलकांना स्मारकाचे शत्रू समजून उभा राहणारा अधिकारी तिथे पहिल्याच वाक्यात हरतो.

येत्या 16 जानेवारीला तुझा बंदोबस्ताचा पॉइंट जासईच्या हुतात्मा स्मारकाला लागला, तर तासभर आधी पोहोच. हार घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी स्मारकापर्यंतची वाट मोकळी ठेव, बॅरिकेड रस्त्याच्या कडेला लाव आणि लाठ्या गाडीतच राहू दे.

तुझ्या वडिलांचा जुना सहकारी,
कळवा, ठाणे