ओढाताणीच्या दिवसांत मुलांचं ताट

या वेळच्या पत्रांत एकच सूर आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार अडकला, कुणाच्या घरभाड्यात वाढ झाली, आणि कात्री लागली ती किराण्याला. बहुतेक जणींना वाटतं की पनीर, बदाम आणि सफरचंद बंद झालं म्हणजे मुलांचं पोषणच थांबलं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला वेगळीच काळजी वाटते. हात आखडला की घरातली आमटी दिवसागणिक पातळ होत जाते आणि बिस्किटांचे पाच-पाच रुपयांचे पुडे मात्र चालूच राहतात. मुलं मागे पडतात ती तिथे.

लालबागहून एक ताई लिहितात : मिस्टर सहा महिने घरी आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चारची. फळं, पनीर, ड्रायफ्रूट सगळं बंद केलंय. मी रात्री जेवत नाही, भूक नाही म्हणून सांगते. मुलांची वाढ खुंटेल का?

ताई, आधी तुमचं रात्रीचं जेवण. ते चालू करा. घर तुमच्यावर उभं आहे, आणि तुमच्या एका भाकरीने वाचणारे पैसे तुमच्या एका आजारपणात निघून जातील. मुलगी आईकडे बघून शिकत असते हेही लक्षात घ्या. बाईने शेवटी उरलंसुरलं खायचं हे तिने चौथ्या वर्षी शिकायला नको.

आता मुलांकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था (आयसीएमआर-एनआयएन) यांच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे चार वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं लागतात, नऊ वर्षांच्या मुलाला 23 ग्रॅम. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम तुरीच्या किंवा मसुरीच्या डाळीत सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. दोन चपात्यांत पाचेक ग्रॅम, एका अंड्यात सहा. तुमच्या लेकीची दिवसाची गरज तिथेच भागली. मुलाला आणखी एक वाटी उसळ किंवा पिठलं द्या. 100 ग्रॅम बदामात 21 ग्रॅम प्रथिनं असतात आणि शेंगदाण्यात 25. तरीही आपल्याकडे पाहुण्यांपुढे बदाम ठेवतात आणि शेंगदाणे उपासाला! सोयाबीनच्या वड्यांत तर 100 ग्रॅमला 50 च्या वर प्रथिनं असतात. आठवड्यातून दोनदा त्या रश्शात टाका.

एक अट मात्र पाळा. त्या मूठभर डाळीचे 30 ग्रॅम मुलाच्या पोटात गेले पाहिजेत. चौघांत मिळून अर्धी वाटी डाळ आणि तांब्याभर पाणी असा हिशेब असेल तर मुलाला नुसतं पिवळं पाणी मिळतं. डाळ घट्ट शिजवा, मुलांच्या ताटात खालचा गाळ आधी वाढा आणि वरचं पाणी मोठ्यांनी घ्या. भात किंवा चपातीच्या जोडीला डाळ हवीच, कारण धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते. वरणभात हा काही गरिबीचा पदार्थ नाही. आणि मुलीच्या भातावर चमचाभर तेल किंवा तूप घाला. लहान पोटात ढीगभर अन्न मावत नाही, तिथे एका चमचा तेलाच्या 45 कॅलरी कामाला येतात.

भाजी दुपारी घेऊ नका. दादरला किंवा तुमच्या नाक्यावर रात्री आठनंतर पालेभाजीचे भाव पडतात. लाल माठ, चवळी, शेपू दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत, म्हणून भाजीवाल्यालाच त्या काढायच्या असतात. मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पानं तो तोडून टाकतो, ती मागून घ्या. चिरून, बेसन पेरून परतली की मुलं कुरकुर न करता खातात. फळांत केळं आणि पेरू. सफरचंदावाचून कुणाचं काही अडत नाही.

आता पुडे. दोन मुलं, दिवसाला पाच रुपयांचे दोन-दोन पुडे, म्हणजे रोजचे 20 आणि महिन्याचे 600 रुपये. आजच्या भावाने त्यात ऐंशीच्या आसपास अंडी येतात. मुलांना दुपारी चारला काहीतरी गोड लागतंच, ते मला मान्य आहे. त्यासाठी सुकडी करा. 1972 च्या दुष्काळात मुलांना दिली जायची तीच: कणीक तेलावर किंवा तुपावर खमंग भाजायची, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून थापायची. आमच्या पिढीतल्या काही जणांना तिच्या नावानेच मिलोचे, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीचे, ते दिवस आठवतात आणि तोंड वाकडं होतं. मुलांना तो इतिहास सांगायची गरज नाही. वड्या पाडा आणि डब्यात ठेवा. चार वर्षांच्या मुलीला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे मात्र देऊ नका, घशात अडकतात. कूटच द्या.

कांदिवलीहून : दुधात घालायची पावडर परवडत नाही. बंद केली तर उंची वाढणार नाही का?

बंद करा. त्यात मुख्यतः साखर आणि माल्ट असतं, वर थोडी जीवनसत्त्वं टाकलेली असतात. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही, म्हणून 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं सांगितलं होतं. त्या पैशात नाचणी आणा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण 120. ते सगळंच अंगी लागत नाही, पण मोड आणून दळली किंवा रात्रभर आंबवून आंबील केली की पुष्कळ फरक पडतो.

भांडुपहून एक आजी : नातू 14 महिन्यांचा. सून कामावर जाते. दूध महाग म्हणून निम्मं पाणी घालून बाटलीने देते. मध्ये चहा-बिस्किट. आमची मुलं यावरच मोठी झाली, पण हा काही अंग धरत नाही.

आजी, तुमची मुलं मोठी झाली ती तुमच्या हातच्या भाकरीवर आणि त्यांच्या दणकट नशिबावर. त्याचं श्रेय चहाला देऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटात मैदा, साखर नि तेल एवढंच. लहानग्याचं पोट भरतं, मग तो वरणभाताला तोंड उघडत नाही, आणि आपण म्हणतो मूल चोखंदळ आहे.

पाणी घातलेल्या दुधाने पोट फुगतं, अंग भरत नाही. दूध कमी असेल तर कमी द्या, पण निर्भेळ द्या, उकळून, वाटीने किंवा पेल्याने. बाटली टाकून द्या. चाळीत, जिथे पाणी दोन तास येतं, तिथे तिचं बूच नीट धुऊन निघत नाही आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. सून सकाळ-संध्याकाळ अंगावर पाजत असेल तर दोन वर्षांपर्यंत पाजू दे. बाकी दिवसभरात चार वेळा घरचंच जेवण: मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून वर तेल, मेथकूट-भात, कुस्करलेलं अंडं, शिजवलेला बटाटा किंवा भोपळा, नाचणीचं सत्त्व गूळ घालून. त्याला त्याची स्वतंत्र वाटी द्या, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत त्याचं नाव घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच शिजवलेलं जेवण. सेविकाताईंना दंडाचा घेर मोजायला सांगा. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात गेली, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात बालरोग विभागात न्या आणि पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल विचारा. साडेअकरा ते साडेबारा असेल तर दर महिन्याला वजन करा.

मानखुर्दहून एक रिक्षाचालक : कार्ड गावाकडे जालन्यात आहे. इथे सगळं विकत घ्यावं लागतं. मुलं नुसता भातच खातात.

दादा, ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे गावचं कार्ड असलं तरी मुंबईतल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. गावी आई-वडील त्याच कार्डावर असतील तर त्यांचा वाटा ते तिथे घेऊ शकतात आणि तुमचा तुम्ही इथे. कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेली हवी. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो, आणि 2023 पासून ते फुकट आहे. कार्ड केशरी असून त्यावर प्राधान्याचा शिक्का नसेल आणि उत्पन्न घसरलं असेल, तर शिधावाटप कार्यालयात अर्ज करा. शहरात त्यासाठीची मर्यादा वर्षाला 59 हजार ठेवली आहे. मुंबईत 59 हजारांत कुणाचं वर्ष निघतं हे ती ठरवणाऱ्यांनाच विचारायला हवं, पण अर्ज करायचं सोडू नका.

धान्य फुकट मिळालं की वाचलेले पैसे तांदळातच पुन्हा घालू नका, डाळीला लावा. गहू दळायला टाकताना पाच किलोला अर्धा किलो हरभरे मिसळा, चपातीच बदलून जाते. तुम्ही मासे खात असाल तर सुकट आहेच. सुक्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, मूठभरात घराचं कालवण होतं. मिठाच्या पाण्यातला आणि वाळूचा असतो, म्हणून दोन-तीन पाण्यांत धुवा आणि वरून मीठ बेताने घाला. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की ताज्या मासळीचा भाव विचारायची सोय उरत नाही, त्याआधीच भरून ठेवा.

वडाळ्याहून : मुलगा चौथीत आहे. शाळेतली खिचडी खायला लाजतो, मित्र चिडवतात.

लाजू देऊ नका. पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळेच्या जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरवलेलं आहे, म्हणजे त्याच्या दिवसाच्या प्रथिनांपैकी अर्ध्याच्या आसपास. हे कुणाची मेहरबानी म्हणून मिळत नाही, तो त्याचा हक्क आहे. घरून लिंबाची फोड नाहीतर शेंगदाण्याची चटणी पुडीत द्या. चवीला चटणी असली की चिडवणारेही हात पुढे करतात. खिचडी कच्ची किंवा खराब असेल तर मात्र गप्प बसू नका, शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांच्यामार्फत बोला.

बोरिवलीहून : मुलगी 13 वर्षांची, हिमोग्लोबिन 9. रोज बीट आणि डाळिंब आणतोय, महिन्याला हजार रुपये जातात. दोन महिने झाले, आकडा हलत नाही.

हलणार नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं ही समजूत रंगावरून आली आहे. त्यात लोह फारच थोडं असतं, डाळिंबातही. बीटाचा पाला त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला, आणि तोच आपण कचऱ्यात टाकतो.

हिमोग्लोबिन 9 असताना नुसत्या जेवणाने ते भरून निघत नाही. गोळ्या लागतात, आणि महापालिकेच्या दवाखान्यात त्या फुकट मिळतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते, तुमच्या मुलीला डॉक्टर सांगतील तशी रोजची लागेल. गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं. तेवढ्यावरून अर्ध्यात सोडू नका. जंताची गोळीही घ्या. मासिक पाळीत खूप रक्त जातं का हे विचारा, आणि दोन-तीन महिने गोळ्या घेऊनही फरक पडला नाही तर डॉक्टरांना थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करायला सांगा. हे तुमच्या एकट्या घरातलं दुखणं नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 ला, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेली, आढळली होती.

हजार रुपयांचं काय? बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाज्या, अळिवाचा लाडू, आणि प्रत्येक जेवणावर लिंबू पिळायचं. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. मांसाहारी असाल तर चिकनच्या दुकानातून कलेजी घ्या. ती मांसापेक्षा स्वस्त मिळते आणि तिच्यातलं लोह अंगी लवकर लागतं.

धारावीहून एक ताई : घरकामाला सहा वाजता निघते. मुलगी सात वर्षांची, दुपारची शाळा. फ्रिज नाही. पहाटे केलेलं अकरापर्यंत आंबतं. रात्रीचा भात ठेवला तर चालेल?

भात नको. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात असं विष तयार होतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही. मुंबईच्या उकाड्यात ओलं अन्न तिच्यासाठी ठेवूच नका. कोरडं ठेवा: चपाती किंवा भाजणीचं थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळं, फुटाणे, सुकडीची वडी. पहाटे उकडलेलं अंडं न सोलता ठेवा आणि उठल्यावर पहिलं तेच खायला सांगा. डाळ, उसळ, भाजी संध्याकाळी तुम्ही परतल्यावर, गरम गरम. दुपारी शाळेत जेवण आहेच.

गॅस वाचवायला कडधान्य रात्री भिजत टाका, कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ, सोबत बटाटा, तेवढ्याच शिट्ट्यांत सगळं. जवळपास राहणाऱ्या कामाला जाणाऱ्या दोघी-तिघींपैकी एकीने सगळ्या मुलांचं सकाळचं बघायचं, असं जमत असेल तर तेही करून बघा. बायांनी एकत्र चूल मांडणं या शहराला नवीन नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये उभं केलं तेही असंच, उधारीने पिचलेल्या बायकांना एकत्र आणून.

पाणी उकळून, झाकून ठेवा. जुलाब लागलेच तर जेवण बंद करू नका. मऊ भात, केळं, ताक चालू ठेवा, ओआरएस पाजा आणि झिंकच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस द्या, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. दोन्ही महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळतात. पाऊस सुरू व्हायच्या आतच चार पाकिटं आणून फळीवर ठेवा, आणि एक पाकीट किती पाण्यात मिसळायचं ते पाकिटावरून मुलीकडून एकदा वाचून घ्या.