वाचकांचे प्रश्न : हेल्मेट, वारा आणि गंध

पावसाळा तोंडावर आल्यामुळे या महिन्यात दुचाकीविषयीची पत्रे अधिक आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख हेल्मेटकडे होता. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेकांच्या मनातला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी तरुणपणापासून मोटारसायकल चालवतो. कायदा आहे म्हणून कामावर जाताना हेल्मेट घालतो; परंतु रविवारी पहाटे ठाण्यातल्या येऊरच्या चढावर किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर ते काढून हँडलला अडकवण्याचा मोह आवरत नाही. चेहऱ्यावर वारा नाही, पहिल्या पावसाचा वास नाही, इंजिनाचा आवाजही धड नाही, तर मग गाडी चालवण्यात उरले काय? शिवाय कान झाकले गेल्याने मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही आणि कडेचे दिसत नाही. अशा वेळी हेल्मेट हाच धोका ठरत नाही का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हेल्मेट गैरसोयीचे आहे, एवढेच आपण लिहिले असते तर उत्तर दोन वाक्यांत संपले असते. परंतु आपली तक्रार आनंदाविषयी आहे आणि ती मला खरी वाटते. हेल्मेटचा प्रचार करताना दुचाकीकडे बहुधा कामावर जाण्याचे साधन आणि अपघाताचे निमित्त एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. माणसे ती हौसेनेही चालवतात याची दखल घेतली जात नाही, आणि त्यामुळे आपल्यासारख्या चालकाला तो सारा उपदेश दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे वाटते. तेव्हा हा आनंद शरीरात कोणकोणत्या वाटांनी येतो आणि त्यांपैकी कोणती वाट हेल्मेट अडवते, ते आधी पाहू.

येऊरच्या वळणांचेच उदाहरण घ्या. चारचाकी वळते तेव्हा आत बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. मोटारसायकल मात्र वळणात झुकते, आणि शरीराचे वजन व वळणामुळे जाणवणारा बाहेरचा रेटा या दोहोंचा मिळून होणारा भार चालकाच्या कण्याच्या रेषेतून थेट आसनावर उतरतो. म्हणून समोरचा रस्ता डोळ्यांना तिरपा दिसत असतानाही आपण पडतो आहोत असे वाटत नाही. उलट आसनावर अधिक घट्ट बसल्यासारखे वाटते. ही जाणीव करून देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे तोल सांभाळणारे अवयव अंतर्कर्णात, कवटीच्या हाडात खोलवर असतात. हेल्मेट त्यांच्या कामात कसलाही अडथळा आणत नाही. दुचाकीवरचे सर्वांत मोठे सुख हे झुकण्याचे आहे आणि त्याचे श्रेय आपण उगाच वाऱ्याला देतो, असे माझे मत आहे.

दुसरी वाट हातापायांची आहे. एका सिलिंडरचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, इंधन पेटते. तो ठेका हँडलमधून तळव्यांना, फूटरेस्टवरून पावलांना आणि आसनातून मांड्यांना पोहोचतो. जुन्या चालकाला इंजिनाची कुरकुर कानांच्या आधी तळहातांना कळते, ती याचमुळे. हवेतला बदलही मुख्यतः अंगालाच कळतो. उपवन तलाव मागे टाकून झाडीत शिरताना हवा गार झाल्याचे हातांना समजते, आणि घोडबंदर रस्त्यावर गायमुखपाशी खाडी जवळ आली की दमट वारा छातीवर येतो. यांपैकी काहीही हेल्मेट काढून घेत नाही.

आता वासाकडे येऊ, कारण आपल्या पत्रात सर्वांत अधिक हळहळ त्याचीच आहे. गंध ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला असतात आणि तेथपर्यंत हवा पोहोचते ती श्वासाने ओढली गेल्यामुळे. गालांवर किती जोराचा वारा आदळतो याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला इतका प्रिय आहे, त्यात जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि हवेत त्याचे प्रमाण अब्जावधी भागांत काही मोजके भाग इतके अल्प असले तरी माणसाचे नाक ते टिपते. इतक्या तल्लख इंद्रियाला हनुवटीजवळच्या झरोक्यातून येणारी हवा पुरते. ऐरोलीच्या पुलावरून जाताना ओहोटी असेल तर उघड्या पडलेल्या चिखलाचा गंधकासारखा वास काच किंचित उचललेल्या फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणाऱ्या, हेल्मेटमध्येही स्वच्छ येतो. (अनेकांना तो वास नकोसा वाटतो, परंतु रोहित पक्षी याच चिखलावर जगतात, आणि ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तो अशाच पाणथळ अधिवासामुळे. मला तो वास आवडतो.) काच पूर्ण बंद केल्यावर वास मंदावतो, हे मात्र खरे. शांत रस्त्यावर, कमी वेगात, ती एक खाच उघडी ठेवली की तो परत येतो.

ऐकण्याविषयीची आपली शंका महत्त्वाची आहे, कारण तिच्यात तथ्य असते तर हेल्मेटविरुद्धचा तो सबळ मुद्दा ठरला असता. वेग वाढला की उघड्या कानांशी वारा इतका घोंघावतो की हॉर्न त्यातच बुडतो. हेल्मेट हॉर्नचा आवाज कमी करते आणि त्याबरोबर इतर गोंगाटही तितकाच कमी करते. त्यामुळे गोंगाटातून हॉर्न वेगळा ओळखण्याची क्षमता जवळपास तशीच राहते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हेल्मेटमुळे रहदारीचे आवश्यक आवाज दबले किंवा अपघातापूर्वीची दृष्टी मर्यादित झाली, असे आढळले नाही. कडेच्या नजरेबाबत सांगायचे तर युरोपीय मानकानुसार नाकाच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंतचे दृश्य मोकळे असावे लागते. खांद्यामागे पाहायचे असेल तर मान थोडी अधिक वळवावी लागते, एवढेच. याउलट उघड्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी येते, संध्याकाळी किडे शिरतात, घोडबंदरला डंपरमागची खडी-धूळ शिरते, आणि पापणी मिटली त्या क्षणी चालक आंधळा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक पुढे जाते.

मग हेल्मेट काहीच हिरावत नाही का? हिरावते. कपाळावरचा वारा, केसांतून जाणारी हवा आणि चेहऱ्यावर थेट पडणारे पावसाचे पहिले चार थेंब त्याच्या आत मिळत नाहीत, आणि त्यांना पर्याय आहे असे मी सांगणार नाही. हे सुख सोडावे लागते. ते सोडावे असे मी ठामपणे म्हणतो, कारण येऊरच्या चढावर वेग कमी असतो म्हणून डोके सुरक्षित राहते ही समजूत चुकीची आहे. ओल्या पानांवरून गाडी घसरली आणि दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आले, तर गाडी जवळपास उभी असली तरी ते ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. डांबर दबत नाही, त्यामुळे कवटी क्षणार्धात थांबते, मेंदू मात्र आत पुढे जात राहतो. हेल्मेटच्या कवचाखालचा थर्माकोलसारखा जाड थर चेपला जातो आणि थांबण्याचा तो क्षण लांबवतो. हेल्मेटचे मुख्य काम हेच आहे.

हे ज्ञान आयते मिळालेले नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि लेखक टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडले आणि शुद्धीवर न येताच सहा दिवसांनी वारले. त्यांच्या उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी लष्करातील मोटारसायकलस्वार निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ चालक व सहप्रवासी रस्त्यांवर मृत्युमुखी पडले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांतले कितीतरी जण घराजवळच्या, ओळखीच्या रस्त्यावर असतील.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी की हेल्मेट हँडलला अडकवण्याऐवजी ते बदलून पाहावे. आपली पत्रातली तक्रार वाचून मला वाटते की आपले हेल्मेट जुने, जड आणि झरोके बुजलेले असावे. हनुवटी व कपाळ या दोन्ही ठिकाणी उघडझाप करता येणारे झरोके असलेले, मागच्या बाजूने हवा बाहेर सोडणारे आणि काच पायरीपायरीने उघडणारे फुल फेस हेल्मेट दुकानात जाऊन डोक्यावर घालून घ्यावे. ते गालांना सगळीकडून चिकटले पाहिजे. हाताने हलवले तर गालांची त्वचाही त्याबरोबर हलली पाहिजे. मग येऊरला अवश्य जावे, आणि उपवनपासून वर काच एक खाच उघडी ठेवून सावकाश जावे.

प्रश्न : मी कासारवडवलीहून ठाणे स्थानकापर्यंत स्कूटरने जाते. पावसात हेल्मेटची काच आतून धुरकट होते आणि संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवर फुटल्यासारखे पसरतात. काच वर केली तर तोंडावर पाणी येते. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. धुरकटपणा श्वासामुळे येतो : उबदार, ओलसर श्वास पावसाने गार झालेल्या काचेला लागतो आणि बाष्पाचे बारीक थेंब तिच्यावर जमतात. हनुवटीजवळचा झरोका पावसातही उघडाच ठेवावा, आणि नाकाखाली रबरी आडोसा बसवून घ्यावा, म्हणजे श्वास खाली वळतो. काचेच्या आतून बसवण्याची दुसरी पारदर्शक चकतीही मिळते. दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे आतला थर गार पडत नाही आणि त्यावर बाष्प धरत नाही. आपल्या हेल्मेटला ती बसत असेल तर हा सर्वांत चांगला उपाय आहे.

दिवे पसरतात ते मात्र बारीक ओरखड्यांमुळे. कोरड्या फडक्याने किंवा ओढणीने काच पुसली की तिच्यावरची धूळच काच घासते. ओले फडके काही मिनिटे काचेवर ठेवून मळ भिजू द्यावा आणि मग हलकेच पुसावे. ओरखडे पडलेल्या काचेला इलाज नाही; नवी बसवून घ्यावी, आणि ती रंगीत नसावी. काळी काच रात्रीच्या पावसात वापरूच नये.

प्रश्न : मी मित्रांबरोबर जुन्या महामार्गाने लोणावळ्याला जातो. परत आल्यावर रात्री कानांत बराच वेळ गुणगुण ऐकू येते. हेल्मेट चांगल्या प्रतीचे आहे. मग हे कशामुळे?
– एक वाचक, खारघर

उत्तर : वाऱ्यामुळे. हेल्मेट डोके सांभाळते, परंतु महामार्गाच्या वेगात त्याच्या खालच्या कडेभोवती आणि काचेच्या सांध्यांपाशी हवेचे भोवरे तयार होतात व त्यांचा घरघराट आत शिरतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तो १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा सुचवली जाते आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला तो केवळ पाव तास उरतो. रात्रीची गुणगुण म्हणजे कानांच्या आतल्या नाजूक केसपेशींवर ताण पडल्याची खूण आहे. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून ती कृपया अंगावर काढू नये. गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

औषधाच्या दुकानात मिळणारे स्पंजाचे मऊ बोळे लांबच्या प्रवासात कानांत घालावेत. गाण्यांचे इअरफोन नव्हेत. बोळ्यांनी घरघराट खाली येतो, हॉर्न ऐकू येत राहतो, आणि इंजिनाचा सूर उलट अधिक निवांत ऐकता येतो, असा अनेक चालकांचा अनुभव आहे. गळ्याभोवती रुमाल किंवा गळपट्टा नीट खोचल्यास खालून शिरणारी हवाही कमी होते. गाडीला पुढे काच बसवली असेल, तर तिच्या वरच्या कडेवरून उसळणारी हवा थेट हेल्मेटवर येत नाही ना, तेही तपासावे.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात जातो. पदपथावर मिळणारे अर्ध्या डोक्याचे हलके हेल्मेट तो वापरतो आणि “यात हवा लागते” असे सांगतो. पोलीस अडवत नाहीत, मग ते चालेल का?
– एक पालक, वाशी

उत्तर : चालणार नाही. १ जून २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ या मानकानुसार आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. पदपथावरच्या अशा टोप्यांत आघात झेलणारा थर बहुधा नसतोच आणि जबडा तर पूर्ण उघडा राहतो. त्याला हवाच हवी असेल तर झरोक्यांचे हेल्मेट घेऊन द्यावे आणि हनुवटीचा पट्टा प्रत्येक वेळी लावण्याची सवय लावावी. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात डोक्यावरून निघून जाते.

प्रश्न : हेल्मेटच्या आतून घामट वास येतो. अत्तर फवारले तर चालेल का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : फवारू नये, काही द्रावणांमुळे कवच आणि आतला थर कमजोर होतो. आतले अस्तर सुटे होत असेल तर ते काढून सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. सुटे होत नसेल तर तेच पाणी स्पंजाने लावून स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. केसांना तेल लावलेले असेल तेव्हा आत पातळ सुती टोपी घालावी, आणि पावसात भिजलेले हेल्मेट डिकीत बंद न ठेवता घरी पंख्याखाली उलटे ठेवावे.