खुराडं वैशाखासाठी बांध

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

परसात कोंबड्या पाळायचं तुम्ही नवरा-बायकोनं मनावर घेतलंय हे वाचून फार बरं वाटलं. पोरांच्या ताटात घरचं अंडं पडावं, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. तू विचारलंस, कोणती जात आणू? मी तुला आधी जागेचं विचारतो. आपल्या खान्देशात कोंबडी कोणत्याही जातीची असो, ती जगते सावलीवर.

कोंबडीला घाम येत नाही. अंगभर पिसं, आणि आतली उष्णता बाहेर टाकायला धाप लागलेली चोच, एवढंच तिच्याजवळ. भुसावळ-जळगावकडं पारा ४५ च्या घरात गेला की पत्र्याखाली कोंडलेली कोंबडी पंख अंगापासून दूर धरते, चोच वासते आणि दुपारी तीनच्या आत मान टाकते. मी पशुधन पर्यवेक्षक होतो तेव्हा मे महिन्यात लोक मेलेल्या कोंबड्या दवाखान्यात आणून विचारायचे, “साहेब, काय रोग आला?” पुष्कळदा रोग नसायचाच. डोक्यावर तापलेला पत्रा आणि आत वारा नाही, एवढंच कारण असायचं.

म्हणून आज पावसाळी हवेत खुराडं बांधताना डोळ्यासमोर वैशाख ठेव. निंबाची सावली मिळत असेल तर तिथंच जागा धर. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे ऊन आत कमी येतं. पत्रा टाकलास तर त्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर दे. कपाशीच्या गावात त्यांना तोटा नाही. भिंत खाली दीड-दोन फूट विटांची, वर छपरापर्यंत बारीक जाळी. रात्रीच्या मुक्कामाला एका पक्ष्यामागं दोन चौरस फूट धर. दहा पक्ष्यांना पाच बाय चारचं खुराडं पुरतं. जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत गाड, कारण मुंगूस उकरून आत शिरतं आणि एकाच रात्रीत सगळं संपवतं.

पिल्लं मात्र उन्हाळ्यात आणू नकोस. पावसाचा जोर ओसरला की, भाद्रपद-आश्विनात आण. भर पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. आश्विनात आणलेली पिल्लं पुढं पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात, आणि ऊन तापेपर्यंत तुम्हालाही त्यांची सवय झालेली असते.

आता जात. नुसती अंडी हवीत तर ग्रामप्रिया, अंडी आणि मटण दोन्ही हवं तर वनराजा किंवा गिरिराज. पण त्यांच्यासोबत दोन गावठी कोंबड्या ठेवच. गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, सुधारित जाती तिच्याहून पुष्कळ जास्त देतात. तरी खुडूक बसून एकवीस दिवस अंडी उबवावीत ती गावठीनंच. ती कुत्रं आलं की निंबावर चढते, वनराजाला ते जड अंगानं जमत नाही. कडकनाथचं नाव ऐकून भलते पैसे मोजू नकोस. त्याचं मटण काळं असतं, अंडं काळं नसतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, बल्बापासून पळून कडेला गेली तर उकडतंय, सगळीकडं पांगून टिपत असली तर ठीक आहे. आणली त्या रात्री एकेक पिल्लू हातात घेऊन मानेखालची पिशवी बोटानं चाचप. मऊ आणि भरलेली लागली तर ते खायला-प्यायला शिकलं. रिकामी लागली तर त्याची चोच हलकेच पाण्यात बुडव आणि त्याला दाण्याजवळ ठेव.

आता घरातलं बोलतो. पत्रात लिहिलंस, “सगळे मिळून बघू.” सगळे म्हणजे कुणीच नाही, आणि मग सगळं तुझ्या बायकोच्या गळ्यात पडतं. दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार लावायचं काम तू घे. तेच एक काम असं आहे की एक दिवसही चुकून चालत नाही. पाणी आणि अंडी पोरांकडं दे, पण नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. तुझी आई माळकरी आहे. तिला विचारल्याशिवाय एक पीसही घरात येऊ देऊ नकोस, आणि खुराडं तुळशीपासून लांब घे. पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. ते विकायचे की कापायचे, हे पोरांनी त्यांना नावं ठेवायच्या आधी ठरवून टाका.

खाण्यात मका, ज्वारीचा भरडा, भाकरीचा चुरा चालतो. अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव. शेवभाजीचा उरलेला रस्सा घालू नकोस, तेवढं मीठ त्यांना सोसत नाही. सरकीची पेंड गायीला घालतोस ती कोंबड्यांना देऊ नकोस; तिच्यातल्या गॉसिपॉलमुळं साठवलेल्या अंड्याचं बलक हिरवट-तपकिरी पडतं. बुरशी आलेला मका फेकून दे. आणि कपाशीच्या पेरणीला पंधरवडाभर कोंबड्या शेतात सोडू नकोस, त्या बियाण्याला औषध लावलेलं असतं.

लसीत हयगय नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लसीचा एक थेंब डोळ्यात घालायचा आणि पिल्लू पापणी मिटेपर्यंत हातातच धरायचं. लगेच सोडलंस तर ते डोकं झटकतं आणि थेंब वाया जातो. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, मग लासोटाचा दुसरा डोस, आठव्या आठवड्याला राणीखेतचीच आर-टू-बी लस. कुपी शंभर डोसांची येते आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या कोंबड्यावाल्यांना एकाच सकाळी बोलाव.

आठवडे बाजारातली कोंबडी आणलीस तर तीन आठवडे वेगळी ठेव. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला नोंदला गेला, २०२१ मध्ये तिथं पुन्हा आला. एकदम चार-पाच पक्षी मेले तर नाल्यात टाकू नकोस, उरलेले विकू नकोस. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव.

जागा ठरली की मला तिचा फोटो पाठव. दुपारी दोन वाजता काढलेला पाठव, म्हणजे सावली कुठवर येते ते दिसेल. मग छपराचं बोलू.

तुझा,
काका