मॅपवर फिरत असतानाच त्यातल्या नोंदी काढायच्या असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगडच्या एका आंबा पॅकिंग शेडसाठी तुम्ही सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. त्यातल्या मॅपमध्ये गावाच्या नावापुढे त्या गावाहून आलेल्या, पण अजून ट्रकवर न चढलेल्या पेट्यांची संख्या असते. संध्याकाळी लूप फिरवून शून्य शिल्लक असलेली गावे काढून टाकायची आहेत. तुमच्या लॅपटॉपवर हे काम सुरळीत होते, शेडमधल्या संगणकावर मात्र प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. शिवाय ‘मिठबांव’ आणि ‘मिठबाव’ अशा एकाच गावाच्या दोन नोंदी झाल्या आहेत, त्या एक करायच्या आहेत. आणि रोजचा अहवाल पायथनमध्ये आहे, तिथेही वेगळीच एरर येते.

‘की’ हा शब्द मराठी वाक्यात उभयान्वयी अव्ययाशी भांडतो, म्हणून पुढे मी ‘किल्ली’ (इथे गावाचे नाव) आणि ‘मूल्य’ (इथे पेट्यांची संख्या) असेच म्हणेन. कोडच्या ओळीही समजण्यापुरत्या देवनागरीत देतो.

स्टँडर्ड लायब्ररीतला मॅप आतून बहुतेक ठिकाणी रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणारे झाड, असतो. प्रत्येक नोंद म्हणजे एक नोड. त्यात किल्ली आणि मूल्य यांची जोडी असते आणि सोबत वरच्या, डावीकडच्या व उजवीकडच्या नोडचे पत्ते असतात. लूपमध्ये एकेका नोंदीवरून पुढे सरकणारी खूण म्हणजे इटरेटर; त्याच्याकडे स्वतःची अशी काहीच माहिती नसते. तो ज्या नोडवर उभा आहे त्याचा पत्ता, एवढेच त्याचे भांडवल. तुम्ही ‘प्लस प्लस’ करता तेव्हा तो त्याच नोडमधले पत्ते वाचून पुढचा नोड शोधतो. आता लूपच्या आत तुम्ही ‘इरेझ’ केले, म्हणजे नोंद काढली, तर तो नोड मेमरीला परत जातो आणि लूपच्या डोक्यावरचे ‘प्लस प्लस’ त्या परत केलेल्या जागेत पुढचा पत्ता शोधू लागते. साकवावर आपण ज्या फळीवर उभे आहोत तीच काढून मग पाऊल टाकण्यासारखा हा प्रकार आहे. लॅपटॉपवर हे चालले, कारण परत केलेली जागा कोणी लगेच पुसत नाही आणि जुना मजकूर बहुधा तसाच पडून होता; शेडमधल्या संगणकावर तीच जागा दुसऱ्या कशाने तरी भरली गेली असावी. भाषेच्या नियमांनुसार दोन्हीकडचा कोड सारखाच चुकलेला आहे. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून कंपाइल केलेत तर लॅपटॉपवरही ही चूक पकडली जाण्याची शक्यता आहे.

दुरुस्ती सोपी आहे. सी प्लस प्लस ११ पासून मॅपचे ‘इरेझ’ काढलेल्या नोंदीनंतरचा इटरेटर परत देते. म्हणून लूपच्या डोक्यावरचे ‘प्लस प्लस’ काढून टाका आणि आत असे लिहा (‘शिल्लक’ हा तुमचा मॅप, ‘इट’ हा इटरेटर): मूल्य शून्य असेल तर ‘इट = शिल्लक.इरेझ(इट);’, नाहीतर ‘++इट;’. त्याआधीच्या आवृत्तीत ‘इरेझ’ काहीच परत देत नसे, तेव्हा ‘शिल्लक.इरेझ(इट++);’ असे लिहिण्याची पद्धत होती आणि ती मॅपसाठी बरोबरही होती; कारण ‘इरेझ’ला जुना पत्ता मिळेपर्यंत इटरेटर स्वतः पुढे सरकलेला असतो आणि मॅपमध्ये एक नोंद काढल्याने इतर नोंदींवरचे इटरेटर बिघडत नाहीत.

इथे एक चूक मी अनेकांच्या कोडमध्ये पाहिली आहे: ‘इट = शिल्लक.इरेझ(इट)’ लिहायचे आणि डोक्यावरचे ‘प्लस प्लस’ही तसेच ठेवायचे. समजा, क्रमाने नोंदी अशा आहेत: कुणकेश्वर ४०, जामसंडे ०, तांबळडेग ०, देवगड ११२. जामसंडे काढल्यावर इटरेटर तांबळडेगवर आला. लगेच डोक्यावरच्या ‘प्लस प्लस’ने तो देवगडवर गेला. तांबळडेगचे शून्य तपासलेच गेले नाही. प्रोग्रॅम बंद पडला नाही, एरर आली नाही, फक्त यादीत एक रिकामे गाव राहून गेले. माझ्या मते बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा ही चूक वाईट. त्यातून शेवटचीच नोंद शून्य असेल, तर ‘इरेझ’ शेवटाच्या पलीकडचा इटरेटर देते आणि त्यावर पुन्हा ‘प्लस प्लस’ करणे हा वेगळाच गुन्हा.

तुमचा कंपायलर सी प्लस प्लस २० समजत असेल, तर हा सगळा लूप सोडून ‘इरेझ इफ’ वापरा. त्याला मॅप आणि अट द्यायची, बाकीचे तो पाहतो.

आता मिठबांव. मॅपच्या जोडीत किल्ली कॉन्स्ट, म्हणजे न बदलता येणारी, असते, त्यामुळे इटरेटरवरून मूल्य बदलता येते, किल्ली नाही. हा कंपायलरचा हट्ट नाही; किल्लीवरूनच नोडची झाडातली जागा ठरते आणि ती जागच्या जागी बदलली, तर सगळा क्रमच खोटा ठरेल. तुमच्या बाबतीत दोन्ही नोंदी आधीच आहेत, म्हणून चुकीच्या नोंदीचे मूल्य बरोबर नोंदीत मिळवा आणि चुकीची नोंद काढा. जिथे फक्त नाव बदलायचे आहे तिथे सी प्लस प्लस १७ मधले ‘एक्स्ट्रॅक्ट’ वापरता येते: नोड झाडातून सोडवून हातात घ्यायचा, किल्ली बदलायची आणि परत ‘इन्सर्ट’ करायचा. मात्र नवीन किल्ली मॅपमध्ये आधीच असेल, तर तो नोड आत जात नाही, ‘इन्सर्ट’च्या उत्तरात परत येतो, ते उत्तर तुम्ही पाहिलेच नाही, तर नोड नष्ट होतो आणि त्यासोबत त्या गावाच्या पेट्याही हिशेबातून जातात. दुसरे असे की लूप चालू असताना बदललेली किल्ली क्रमात पुढे गेली, तर तीच नोंद पुन्हा भेटेल. म्हणून किल्ल्या बदलायच्या असतील तेव्हा मी आधी लूपमध्ये दुरुस्त्यांची यादी जमवतो आणि लूप संपल्यावरच मॅपला हात लावतो.

जाता जाता क्रमाविषयी एक गोष्ट. हा क्रम आपल्या वर्णमालेचा नव्हे, युनिकोडच्या आकड्यांचा आहे. तिथे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो आणि ‘क्ष’ ‘क’च्या पोटात. छापील यादी बाराखडीप्रमाणे हवी असेल, तर तुलना करणारे फंक्शन वेगळे द्यावे लागेल.

पुढे कधी अनऑर्डर्ड मॅप (क्रम न ठेवणारा मॅप) वापरलात, तर काढण्याचा नियम हाच राहतो. पण नवीन नोंद टाकताना रिहॅश झाले, म्हणजे आतली मांडणी नव्याने झाली, तर सगळे इटरेटर बाद होतात. आणि दोन्ही प्रकारांत चौकटी कंसाने नोंद शोधली व ती नसली, तर ती तयार होते. लूपच्या आत शोधायचे असेल तर ‘फाइंड’च वापरा.

पायथनमध्ये तुम्हाला दिसणारी एरर म्हणजे फिरत असताना डिक्शनरीचा (पायथनमधल्या मॅपचा) आकार बदलल्याची तक्रार. असलेल्या किल्लीचे मूल्य बदलले तर ती येत नाही. तुमचा हा कोड पायथन २ च्या काळातला असेल, तर तेव्हा ‘कीज’ वेगळी यादी देत असे, म्हणून काढणे खपून जाई. पायथन ३ मध्ये ‘कीज’ हा डिक्शनरीकडे पाहणारा नुसता झरोका आहे. ‘लिस्ट’मध्ये गुंडाळून त्या यादीवर फिरा, किंवा शून्य नसलेल्या नोंदींची नवी डिक्शनरी बनवा, मला दुसरा मार्ग अधिक आवडतो.

चूक झाली की अशी तक्रार येईलच, यावर फार विसंबू नका, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीतल्या एका मासळी व्यापाऱ्यासाठी मी जावामध्ये बोटींच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खऱ्या नोंदी कुठून येणार, म्हणून एका काल्पनिक बोटीवर चाचणी घेतली. हॅशमॅपवर (जावामधल्या क्रम न ठेवणाऱ्या मॅपवर) फिरताना मी नोंद इटरेटरच्या ‘रिमूव्ह’ऐवजी थेट मॅपच्या ‘रिमूव्ह’ने काढली होती. एकच नोंद असल्यामुळे ती काढल्यावर ‘पुढे काही नाही’ असे ठरून लूप संपला आणि तपासणीची वेळच आली नाही. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या आणि पहिल्याच संध्याकाळी ‘कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ पडद्यावर आले. थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, एकच होता, तरी कन्करंट, म्हणजे ‘एकाच वेळी’! नावावर जाऊ नका. आपणच इटरेटरच्या पाठीमागे मॅप बदलला, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा तुमच्या चाचणीत निदान हे प्रसंग घ्या: रिकामा मॅप, सगळीच मूल्ये शून्य, लागोपाठ दोन शून्ये आणि अगदी शेवटची नोंद शून्य. नव्या लूपने यांतले काही अडले, तर तो लूप जसाच्या तसा इथे टाका, पाहतो.