भाजलेली जखम भरली, मग आता व्रण फुगून हात का आखडतोय?

मुलीच्या कोपरावर आतल्या बाजूने चहा सांडला, जखम भरायला महिना लागला, आणि आता तिसऱ्या महिन्यात व्रण लाल, टणक झालाय, खाजतो, हात सरळ होत नाही. 'ड्रेसिंगमध्ये आमचं काही चुकलं का?' असं तुम्ही विचारलंय. नाही हो ताई. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. भाजलेल्या मुलांच्या बहुतेक आया मला हेच विचारतात, आणि उगाच स्वतःला दोष देत बसतात.

जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस येतं ना, तिथे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, तयार करत असतात. त्यांतल्या काहींचं रूप पालटतं आणि त्यांच्यात स्नायूसारखे आकसणारे तंतू येतात. या मायोफायब्रोब्लास्ट पेशी. १९७१ साली गॅबियानी या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. पिशवीची नाडी ओढावी तशा त्या जखमेच्या कडा आत ओढतात. जखम मिटली की त्यांनी मरून जायचं असतं. पण जखम खोल असली, तीन आठवड्यांपुढे रेंगाळली, तर त्या बऱ्याचदा मागे राहतात. ओढतच राहतात आणि कोलॅजनही साचत जातं. ज्या पेशींनी जखम मिटवली, त्याच आता कोपर आखडताहेत.

व्रणावर बोट दाबून बघा. पांढरा पडून लगेच पुन्हा लाल झाला, तर आत रक्तपुरवठा भरपूर आहे, व्रण अजून परिपक्व झालेला नाही. म्हणजेच तो अजून वळवता येतो. परिपक्व व्हायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

हात दुमडून ठेवला की मुलीला बरं वाटतं, आणि तसाच तो आखडतो. कडेवर घेताना, झोपवताना कोपर सरळ राहील असं बघा. रात्री स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारा आधार, लागेल. दिवसातून पाच-सहा वेळा हळूहळू ताणून तसाच धरायचा. हिसका अजिबात नको. दोरीवर रुमाल वाळत घालायला सांगा, मुलं ते आनंदाने करतात. व्रणावर सिलिकॉन शीट, म्हणजे सिलिकॉनची मऊ पट्टी, लावायची; दिवसाचे बारा तास तरी, काही महिने. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्याखाली घामोळं येतं, म्हणून रोज धुऊन, त्वचा कोरडी करूनच लावा.

हात सरळ होत नाही हे मात्र घरच्या घरी सांभाळण्यासारखं नाही. याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनना दाखवा. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर ठाण्याहून जवळच आहे.