‘मला काही झालं नाही, मग मी बाऊ करतेय का?’

‘लहानपणी माझ्याबाबतीत तसं घडलं होतं. आता पुढे काय होईल?’ ठाणे शहरात समुपदेशन करताना लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दलचा हा प्रश्न बहुधा लग्न ठरल्यावर समोर येतो. हल्ली सोबत मोबाइलवर वाचलेलं संशोधनही असतं, त्यामुळे गोंधळ दुप्पट.

रेवती (नाव, तपशील बदलले आहेत) २७ वर्षांची, ऐरोलीत नोकरीला. नात्यातल्या एका माणसाने ती लहान असताना लैंगिक गैरवर्तन केलं होतं. “मॅडम, एकीकडे लिहिलंय, जन्मभराची जखम. दुसरीकडे, फारसा परिणाम होत नाही. मला झोप लागते, काम जमतं. मग मी खोटी, की माझं अजून कोसळायचं राहिलंय?”

तिने वाचलेला दुसरा लेख म्हणजे रिंड, ट्रोमोविच आणि बाउझरमन यांचा १९९८ मधला अभ्यास. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या ५९ नमुन्यांवरून त्यांनी सांगितलं की अत्याचाराचा पुढच्या मानसिक त्रासाशी संबंध दिसतो, पण सरासरीने लहान. घरातल्या वातावरणाचा त्या त्रासाशी संबंध त्याहून जास्त. यावर इतका गदारोळ झाला की १९९९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ठराव करून त्याचा निषेध केला. ठरावाने आकडे खोटे पडत नाहीत, हे माझं मत. पण टीकाकारांचे मुद्दे वजनदार होते: जे त्रासामुळे कॉलेजपर्यंत पोचलेच नाहीत, ते मोजणीत कुठून येणार? आणि अंगाला हात न लावता केलेल्या प्रकारापासून बलात्कारापर्यंत सगळं एकत्र मिसळलं, तर सरासरी पातळ होणारच. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या अभ्यासात घर एकच असूनही अत्याचार झालेल्या भावंडात नैराश्याचा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त आढळला.

“म्हणजे मी कोणत्या गटात?”

सरासरी एका माणसाचं भविष्य सांगत नाही. आणि १९९८ च्या त्याच लेखात लेखकांनी स्पष्ट लिहिलंय की हानी दिसली नाही म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही. हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्याला दोषी ठरवायला मी आजारी असायलाच हवं असं नाही.”

इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं. मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. घटना आणि तिच्यावरून स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष वेगळे करणं हेच माझं काम. तिचे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते: त्याने चूक केली का, आणि मला त्रास आहे का. पहिल्याचं उत्तर ठरलेलं आहे. दुसऱ्याचं तपासता येतं.

त्यासाठी दोन आठवडे वहीत रोज तीन नोंदी: झोप, स्पर्शाने दचकणं, टाळलेली जागा किंवा माणूस. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडल्यासारखा येणं, दुःस्वप्नं, टाळाटाळ महिन्याहून जास्त टिकली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. जीव देण्याचे विचार आले तर त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, कधीही बोलता येतं. रेवतीच्या वहीत फक्त तिसरा रकाना भरला. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, हे तिचं तिने ठरवायचं. लग्नाआधी कबुलीजबाब देणं लागत नाही.

तिसऱ्या रकान्यात एकच नाव होतं, त्याच नातेवाइकाचं. तो माणूस आजही तिच्या भावाकडे जातो, भावाला सहा वर्षांची मुलगी आहे. इथे मात्र थांबून चालत नाही. भावाला सांगायचं, मुलीला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. मुलीबाबत काही घडल्याचं कळलं किंवा घडण्याची धास्ती असली, तरी पोक्सो (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा) कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.