टीव्हीवर जुने सिनेमे लागले की तुम्ही बसून का बघता?

तुम्ही लिहिलंय की घरी आजी टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लावते, तुम्ही तिच्याशेजारी बसता आणि पंधरा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. शिवाय हे सगळं यूट्यूबवर हवं तेव्हा मिळत असताना टीव्हीवर लागायची वाट कोण बघतं, असंही विचारलंय. मी बघते. पंचेचाळीसहून जास्त वर्षं बघतेय, म्हणून लिहायला घेतलं.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही यायला आणखी चार-पाच वर्षं लागली. तो समोरच्या काकूंकडे आला. लाकडी पेटी, सरकतं शटर, वर क्रोशाचा रुमाल. गुरुवारी छायागीत म्हणजे सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम, शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. शनिवारी बायका दुपारीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवायच्या. काकूंच्या खोलीत पुढे आम्ही पोरं फरशीवर, मागे बायका, आणि पुरुष दारात नाहीतर गॅलरीत उभे. काही चाळींत मुलांकडून टीव्ही बघायचे पैसे घेत. आमच्या काकूंनी कधी घेतले नाहीत. सिनेमाच्या मध्येच बातम्या लागल्या की बायका घरी जाऊन भात टाकून यायच्या. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. तेव्हा मात्र कुणी जागचं हलत नसे, जागा जायची.

माझी आजी या गर्दीत कधी नसायची. ‘मला नाही कळत त्यातलं’ म्हणायची आणि जपमाळ घेऊन बसायची. मी बारा वर्षांची असेन, एका रविवारी साप्ताहिकीत, म्हणजे येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायच्या त्या कार्यक्रमात, पुढच्या शनिवारचा सिनेमा सांगितला: ‘कुंकू’. आईने घरी येऊन सहज ते नाव घेतलं आणि आजी म्हणाली, मी येणार. शनिवारी तिने इस्त्रीचं नऊवारी काढलं. काकूंनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण ती पुढे आमच्यात, फरशीवर बसली.

तुम्ही ‘कुंकू’ बघितला नसेल तर थोडक्यात सांगते. 1937 चा, प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीरा नावाच्या तरण्या मुलीचं एका म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. काकासाहेबांची शिकलेली, समाजकार्य करणारी मुलगी घरी येते आणि बापाची नाही, या नव्या आईची बाजू घेते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. त्यांनी खऱ्या आयुष्यातही संततिनियमनासाठी काम केलं. सिनेमाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक.

काकूंच्या खोलीत त्या दिवशी पंचवीसेक माणसं होती आणि ती टिकटिक सगळ्यांना ऐकू येत होती. बातम्या लागल्या तरी आजी भात टाकायला उठली नाही. शेवट आला तेव्हा मागे कुणीतरी मुसमुसत होतं. आजी रडली नाही. घरी आल्यावर आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती आईला म्हणाली, ‘किल्ली देणं यांच्याकडेच असायचं. मी एकदा दिली तर बोलले.’ एवढंच. आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पुढे मी कॉलेजात असताना तिने बाकीचं सांगितलं. ती पंधराव्या वर्षी बिजवराला दिलेली. आजोबा तिच्याहून सतरा वर्षांनी मोठे. वाईट माणूस नव्हता, असं ती दर वेळी आधी म्हणायची. बालविवाह रोखणाऱ्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं होतं, तेव्हा कायद्यातही सगळं बसत होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ‘कुंकू’ लागला. नळावर बायकांत त्याचीच बोलणी. आजोबा मित्रांबरोबर जाऊन तो बघून आले. घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि तिलाही नेलं नाही. तिनेही विचारलं नाही. बायका नळावर काय बोलतात त्यावरून तिने तो सिनेमा मनात जुळवला होता आणि चाळीसेक वर्षांनी तो समोरच्या खोलीत आला.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. हे सिनेमे थिएटरात लागले तेव्हा ज्यांना कुणी नेलं नाही, तिकिटाला पैसे नव्हते, घरातून परवानगी नव्हती, त्यांच्याकडे ते टीव्हीने नेले. आजीने यूट्यूबवर कधीच काही शोधलं नसतं. शोधायला आधी मला हे बघायचंय असं म्हणावं लागतं, आणि तिच्या पिढीतल्या किती बायकांना ते म्हणायची सवय होती? त्या शनिवारपासून कुठलाही जुना सिनेमा लागला की मी पडद्याइतकीच खोलीतल्या माणसांकडे बघते. कोण कुठे गप्प होतं, ते.

आता तुमच्या कंटाळ्याबद्दल. तो सगळाच तुमचा नाही, थोडा तुमच्या टीव्हीचा आहे. त्या काळच्या सिनेमाची चौकट चौरसाकडे झुकणारी, उंचीच्या साधारण 1.37 पट रुंद. जुने टीव्ही 4:3 चे होते, त्यांत ती जवळजवळ पूर्ण बसायची. आताचे 16:9. त्यावर चित्र ताणून बसवलं की चेहरे पसरट होतात, माणसं बुटकी दिसतात आणि वर-खाली कापून बसवलं तर कपाळं जातात. ‘कुंकू’मध्ये कपाळ कापलं तर उरलं काय! रिमोटवर चित्राच्या आकाराचं सेटिंग शोधा आणि 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. दुसरं, नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, नाव कंपनीगणिक वेगळं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच तयार करून घालतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. ते बंद करा. उलटा अन्याय रुंद सिनेमांवर झाला. ‘कागज के फूल’ हा 1959 चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी ती सगळी रुंदी प्रकाशाने भरून काढली होती. 4:3 च्या पडद्यावर तो पूर्ण भरून दाखवला की दोन्ही बाजू गेल्याच.

वेगाचीही एक गंमत आहे. आपल्या टीव्हीची पद्धत सेकंदाला 25 चित्रांची, म्हणून 24 ची फिल्म टीव्हीसाठी 25 नेच पळवत. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपायचा आणि आवाज जवळपास अर्ध्या स्वराने वर चढायचा. माझा मामा पेटी वाजवायचा. छायागीत लागलं की पेटी पुढ्यात ओढायचा आणि गाणं काळीत बसत नाही, पांढरीतही बसत नाही म्हणून वैतागायचा. त्याचं एक कारण हे असणार, हे मला फार उशिरा वाचून कळलं. तोवर मामा नव्हता.

केबल आल्यावरचंही थोडं सांगते, कारण इंग्रजी जुने सिनेमे मी तिथे शिकले. 1995 पासून कार्टून नेटवर्क आणि टीएनटी एकाच चॅनलवर होते. दिवसभर कार्टून, रात्री त्याच नंबरवर हॉलिवूडचे जुने सिनेमे. माझी मुलगी कार्टून बघता बघता झोपायची. रिमोट तिच्या उशीखाली असायचा, तो काढायला गेलं की ती जागी होई, म्हणून मी जे लागेल ते आवाज बारीक करून बघायची. संवाद निम्मे कळायचे नाहीत, पण उजेड-सावली कशी वापरतात, माणूस दारातून आत येतो तेव्हा कॅमेरा कुठे असतो, हे तेव्हाच नीट दिसायला लागलं.

कुठून सुरुवात करू, असं तुम्ही विचारलंय. टीव्हीवर लागेल तिथून करा. पण लागले तर सोडू नका अशांतला एक 1941 चा ‘शेजारी’. दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, त्यांचं बुद्धिबळ, आणि गावात येणारं धरण. गजानन जागीरदारांचा मिर्झा बघाल तर ते मुसलमान नव्हते हे सांगूनही पटणार नाही. दुसरा ‘सिंहासन’, 1979 चा, कृष्णधवलच, आपल्याच मुंबईतला. मंत्रालय, संप, आणि हे सगळं बघत फिरणारा निळू फुल्यांचा पत्रकार. तुमचं वय कमी असेल तर आधी हाच बघा, त्याचा वेग आजचा वाटेल. ‘कुंकू’ मात्र आजीबरोबरच.

आणि आजीला विचारा, हा पहिल्यांदा कुठे बघितला होतास, कुणी नेलं होतं, की नेलंच नव्हतं. जाहिराती लागतील तेव्हा विचारा. सिनेमा चालू असताना नको, आणि त्या वेळी पंखाही जरा कमी करा, घड्याळ ऐकू येत नाही.